रेंज गेली तरी आवाज थांबू नये : एकट्या माणसाने दहा वर्षं सुधारलेल्या पॉडकास्ट ॲपची गोष्ट

तालुक्याच्या स्टँडवरून एसटी सुटते. कानात हेडफोन, मोबाईलवर एखादी मुलाखत नाहीतर गोष्ट सुरू. पहिली दहा मिनिटं सगळं झकास चालतं. मग गावं विरळ होतात, टॉवर मागे पडतो, घाट लागतो आणि ऐन रंगात आलेलं बोलणं मध्येच तुटतं. स्क्रीनवर नुसतं गोल चाक फिरत राहतं. पुढच्या फाट्यावर रेंज येते तेव्हा कधी कार्यक्रम पुन्हा सुरुवातीपासून लागतो, तर कधी लागतच नाही.

हा अनुभव ग्रामीण भागात रोजचाच. पण हाच त्रास कमी करण्यासाठी सातासमुद्रापार एक माणूस दहा वर्षांहून जास्त काळ एकच ॲप घासूनपुसून सुधारत बसला आहे. त्याचं नाव मार्को आर्मेंट. अमेरिकेतला हा स्वतंत्र डेव्हलपर. त्याच्या मागे मोठी कंपनी नाही की शेकडो इंजिनिअर नाहीत. त्याच्या ॲपचं नाव ओव्हरकास्ट.

ओव्हरकास्टचं ॲप अँड्रॉइडसाठी नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे. मग ही गोष्ट आपल्या काय कामाची? कामाची आहे. कारण आर्मेंट यांनी ज्या अडचणी एकेक करून सोडवल्या, त्याच अडचणी आपल्या फोनवरही आहेत. त्या समजल्या की कोणतं ॲप घ्यायचं, त्यात कोणतं बटण चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय?

पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखा कार्यक्रम, पण वेळेचं बंधन नसलेला. शेतीच्या गप्पा, इतिहास, बातम्या, आरोग्य, गोष्टी, काहीही. मराठीतही असे कार्यक्रम आहेत. बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' हा त्यातलाच एक.

यूट्यूबच्या व्हिडिओत आणि पॉडकास्टमध्ये एक मोठा फरक आहे. व्हिडिओ एका कंपनीच्या गोदामात असतो आणि त्याच कंपनीच्या दारातून बघावा लागतो. खरा पॉडकास्ट तसा नसतो. कार्यक्रम करणारा माणूस आवाजाची फाईल कुठल्याही सर्व्हरवर ठेवतो आणि सोबत एक यादी ठेवतो. कोणता भाग कधी आला, त्याचं नाव काय, फाईल कुठे आहे, एवढंच त्या यादीत लिहिलेलं असतं. या यादीला 'फीड' म्हणतात. ती कुणालाही वाचता येते. कोणतंही ॲप ती यादी बघतं, नवा भाग दिसला की फाईल उतरवून घेतं. झालं.

ही कल्पना निघाली तीच मुळी मंद नेटच्या वैतागातून. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत घरोघरी नेट मंद होतं. आवाजाच्या किंवा व्हिडिओच्या फाईलवर क्लिक करायचं आणि वाट बघत बसायचं, असा प्रकार होता. टीव्हीवर निवेदक म्हणून नाव झालेले ॲडम करी यांनी प्रोग्रामर डेव्ह वायनर यांच्यापुढे एक विचार मांडला : माणसाने क्लिक करून कशाला थांबायचं? कॉम्प्युटरने आपण झोपेत असताना फाईल आणून ठेवावी, सकाळी ती तयार मिळावी. वायनर यांनी फीडच्या यादीत फाईलचा पत्ता जोडायची सोय केली. २००४ मध्ये त्यातून पॉडकास्टची लाट सुरू झाली आणि जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतल्यावर तो जगभर पोहोचला.

म्हणजे 'आधी उतरवून ठेवा, मग निवांत ऐका' हाच पॉडकास्टचा मूळ धर्म. आज शहरातल्या फाइव्हजीच्या जमान्यात लोक ते विसरले. ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी मात्र तोच आजही खरा उपाय आहे.

कोण हा आर्मेंट?

मार्को आर्मेंट हे टम्बलर या गाजलेल्या संकेतस्थळाचे सुरुवातीचे मुख्य डेव्हलपर. पण त्यांचं मन रमलं ते स्वतःच्या लहान ॲपमध्ये. २००८ मध्ये त्यांनी इन्स्टापेपर काढलं. नेटवर दिसलेला लांब लेख जपून ठेवायचा आणि नंतर सवडीने, नेट नसलं तरी वाचायचा, एवढंच त्याचं काम. २०१३ मध्ये त्यातला मोठा हिस्सा त्यांनी दुसऱ्या कंपनीला विकला.

त्यानंतर त्यांनी तीच युक्ती आवाजासाठी वापरायची ठरवली. ते स्वतः दोन मित्रांसोबत ॲक्सिडेंटल टेक पॉडकास्ट नावाचा कार्यक्रम करतात, त्यामुळे ऐकणाऱ्याची आणि करणाऱ्याची अशा दोन्ही बाजू त्यांना ठाऊक. १६ जुलै २०१४ रोजी ओव्हरकास्ट बाजारात आलं. तेव्हा बाजारात पॉडकास्टची डझनभर ॲप होती. खुद्द ॲपलचं फुकट ॲप होतं. तरी लोकांनी एका माणसाचं ॲप उचललं, ते त्यातल्या बारीकसारीक सुधारणांमुळे.

पहिली सुधारणा : नवा भाग आला का, हे कुणी बघायचं?

समजा एखाद्याने पन्नास कार्यक्रम लावून ठेवलेत. प्रत्येकाचा नवा भाग आला का हे बघायला फोनने दर तासाला पन्नास ठिकाणी जायचं म्हटलं, तर बॅटरी आणि डेटा दोन्ही खर्च होणार. बहुतेक वेळा उत्तर एकच येणार : नवीन काही नाही.

गावातल्या प्रत्येक घराने रोज पोस्टात माणूस पाठवून 'आमचं पत्र आलंय का' असं विचारायचं, की पोस्टमनने आलेलं पत्र दारात आणून द्यायचं? आर्मेंट यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. ते सर्व्हरच सगळ्या फीड तपासत राहतात. नवा भाग दिसला की संबंधित फोनला निरोप जातो आणि मगच फोन फाईल आणायला निघतो. हजार लोक एकच कार्यक्रम ऐकत असले तरी तपासणी एकदाच होते.

यात एक खर्चाची बाजू आहे. सर्व्हर फुकट चालत नाहीत, त्यांचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. ज्या ॲपमागे असा सर्व्हर नसतो, तिथे फोन स्वतः जाऊन बघतो. तेही वाईट नाही, फक्त किती वेळाने बघायचं हे सेटिंगमध्ये ठरवून द्यावं लागतं. दिवसातून एक-दोनदा पुरतं.

किती डेटा लागतो, हा हिशेब

पॉडकास्टची फाईल किती मोठी असेल हे तिच्या दर्जावर ठरतं. साधारण बोलण्याचा कार्यक्रम सेकंदाला ६४ किंवा १२८ किलोबिट या मापात असतो. गणित सोपं आहे :

- ६४ किलोबिटचा एक तासाचा कार्यक्रम : सुमारे २९ एमबी
- १२८ किलोबिटचा एक तासाचा कार्यक्रम : सुमारे ५८ एमबी

रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तासाभराचा कार्यक्रम त्यातला फार तर चार टक्के खातो. व्हिडिओ याच्या कितीतरी पट खातो. म्हणजे पॉडकास्टच्या बाबतीत डेटाचं प्रमाण ही खरी अडचण नाही. खरी अडचण आहे ती वेग टिकण्याची.

गावाबाहेर फोनला कधी कधी सेकंदाला १०० किलोबिटच मिळतात. १२८ किलोबिटचा कार्यक्रम थेट ऐकायला दर सेकंदाला १२८ हवेत, येतात १०० च. टाकीत नळाने येणारं पाणी कमी आणि तोटीने जाणारं जास्त, तर टाकी रिकामी होणारच. म्हणून कार्यक्रम थांबत थांबत चालतो. तीच फाईल उतरवून घ्यायला सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ लागेल, पण एकदा उतरली की रेंज असो वा नसो, ती एकसलग ऐकता येईल. नाहीतर घरच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर, चांगली रेंज असलेल्या जागी, ती काही सेकंदांत उतरते.

मध्येच तुटलं तर? दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल

रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देताना वीस सऱ्यांपैकी बारा भिजल्या आणि लाइट गेली. दुसऱ्या रात्री मोटार सुरू झाल्यावर कुणी पहिल्या सरीपासून पाणी देत नाही. थेट तेराव्या सरीत पाणी वळवायचं.

चांगलं ॲप फाईल उतरवताना असंच वागतं. ५८ एमबीपैकी ३५ एमबी आले आणि रेंज गेली, तर रेंज आल्यावर ते सर्व्हरला सांगतं : 'पहिले ३५ माझ्याकडे आहेत, पुढचं दे.' सर्व्हरला ही भाषा कळत असेल तर उरलेले २३ एमबीच येतात. कच्चं ॲप मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. रेंज तीनदा गेली तर तीनदा डेटा वाया. ज्याच्या गावात रेंज टिकत नाही, त्याच्यासाठी ॲपचं रंगरूप नाही, तर ही एक गोष्ट महत्त्वाची.

ऐकण्यातली सुधारणा

ओव्हरकास्टचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. दोन्ही पहिल्या आवृत्तीपासून आहेत.

पहिली 'स्मार्ट स्पीड'. माणूस बोलताना मध्ये मध्ये थांबतो, श्वास घेतो, विचार करतो. ॲप या शांत जागा ओळखून तेवढ्याच आखूड करतं. बोलण्याचा वेग तोच राहतो, आवाज चिरका होत नाही, पण कार्यक्रम लवकर संपतो. आतापर्यंत किती तास वाचले हेही ॲप दाखवतं.

दुसरी 'व्हॉइस बूस्ट'. मुलाखतीत एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक असतो. सारखं बटण दाबून आवाज वरखाली करावा लागतो. ॲप दोघांचे आवाज एका पातळीवर आणतं. एसटीच्या घरघरीत किंवा ट्रॅक्टरवर बसून ऐकताना याचं महत्त्व कळतं. २०२० मध्ये आर्मेंट यांनी हा भाग नव्याने लिहून आणखी चांगला केला.

शांत जागा गाळण्याची आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय आता अँड्रॉइडवरच्या अनेक ॲपमध्येही आहे.

पोट कसं भरायचं?

एकट्या माणसाने ॲप चालवायचं म्हणजे कोड लिहायचा, सर्व्हर सांभाळायचे, तक्रारींना उत्तरं द्यायची आणि घरही चालवायचं. आर्मेंट यांनी यासाठी वेगवेगळे मार्ग करून बघितले, आणि ते सगळे उघडपणे लोकांना सांगितले.

२०१४ मध्ये ॲप फुकट होतं, पण सगळ्या सोयी उघडायला एकदाच सुमारे पाच डॉलर द्यावे लागत. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी सगळ्या सोयी सगळ्यांना फुकट केल्या आणि 'पटलं तर मदत करा' असं म्हटलं. २०१६ मध्ये ॲपमध्ये जाहिराती आल्या. नको असतील तर वर्षाला सुमारे दहा डॉलर भरायचे. आधी दुसऱ्यांच्या यंत्रणेतून येणाऱ्या जाहिराती होत्या. त्या त्यांना पटल्या नाहीत, म्हणून पुढे त्यांनी स्वतःची साधी जाहिरात यंत्रणा उभी केली. तिच्यात बहुतेक दुसऱ्या पॉडकास्टच्याच जाहिराती असतात.

इथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणतंही ॲप फुकट दिसत असलं तरी त्याचा खर्च कुठून तरी भरला जातोच. कुणी जाहिरातीतून, कुणी वर्गणीतून, कुणी देणगीतून, तर कुणी आपली माहिती विकून. ॲप घेण्याआधी 'याचं पोट कशावर चालतं' हा प्रश्न विचारलेला बरा.

२०२४ : जुनं घर पाडून नवं बांधलं

दहा वर्षं सारखी डागडुजी केली की घराचं जे होतं, तेच ॲपचं होतं. इथे एक खोली वाढव, तिथे एक पत्रा ठोक. ओव्हरकास्टचा मूळ कोड जुन्या भाषेत लिहिलेला. काही नवीन करायचं म्हटलं की जुनं काहीतरी अडायचं. एकट्या माणसाला ते सांभाळणं जड जाऊ लागलं.

आर्मेंट यांनी ॲपचा बहुतेक भाग ॲपलच्या नव्या स्विफ्ट भाषेत नव्याने लिहून काढला. बरोबर दहाव्या वाढदिवशी, १६ जुलै २०२४ रोजी, ही आवृत्ती लोकांच्या हाती दिली. ॲप जास्त वेगाने आणि भरवशाने चालावं, पुढच्या सुधारणा पटापट करता याव्यात, हा हेतू.

पण नवं घर बांधताना एक जुनी खोली गेली. २०१५ च्या आवृत्तीत त्यांनी फाईल न उतरवता थेट ऐकण्याची सोय दिली होती. २०२४ च्या नव्या आवृत्तीच्या वेळी ती काढून टाकली. आधी फाईल उतरवायची आणि मग ऐकायची, अशी गाडी पुन्हा मूळ रस्त्यावर आली.

काही जुन्या वापरकर्त्यांना हे रुचलं नाही. त्यांनी नाराजी बोलून दाखवली. पण यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचा फटका कुठल्याही फोनवर बसू शकतो.

जाहिरातींनी सऱ्याच बदलल्या

पूर्वी पॉडकास्टची फाईल एकदा बनली की तीच सगळ्यांना मिळायची. आता बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांत जाहिराती आयत्या वेळी घातल्या जातात. ज्या क्षणी फोन फाईल मागतो, त्या क्षणी सर्व्हर ठरवतो की या माणसाला कोणती जाहिरात द्यायची. पाच मिनिटांनी पुन्हा मागितली तर वेगळी जाहिरात, वेगळी लांबी. कार्यक्रम तोच, पण फाईल वेगळी.

पुन्हा उसाच्या शेतात जाऊ. काल बारा सऱ्या भिजल्या. पण रात्रीत कुणीतरी शेताच्या सुरुवातीलाच दोन सऱ्या जास्तीच्या पाडल्या. आज मोजून तेराव्या सरीत पाणी सोडलं, तर ती कालची अकरावी निघते. भिजलेलंच पुन्हा भिजणार. आणि सुरुवातीच्या दोन सऱ्या मोडल्या असतील, तर आजची तेरावी म्हणजे कालची पंधरावी. मधल्या दोन सऱ्या कोरड्याच राहणार.

ऐकणाऱ्याला हे असं जाणवतं : एखादं वाक्य दोनदा ऐकू येतं, नाहीतर बोलणं मध्येच उडी मारतं. कार्यक्रम थांबवून परत लावला की जागा चुकलेली असते. थेट ऐकताना फोन फाईल तुकड्या-तुकड्याने मागतो, म्हणून हा घोळ तिथे जास्त. पूर्ण फाईल एका दमात उतरवली की ती एकच राहते, सऱ्या बदलत नाहीत. आर्मेंट यांनी थेट ऐकण्याची सोय काढली, त्यामागचं मुख्य कारण हेच.

म्हणजे नुकताच थांबवलेला कार्यक्रम परत लावल्यावर जागा चुकली, तर दर वेळी फोन किंवा सिमकार्डला दोष देऊ नये. कधी कधी दोष पलीकडे बदललेल्या फाईलचा असतो.

त्याच वर्षी मोठ्याचं दुकान बंद

योगायोग असा, की ज्या २०२४ मध्ये एकट्या माणसाने आपलं ॲप नव्याने बांधलं, त्याच वर्षी गुगलने आपलं गुगल पॉडकास्ट्स बंद केलं. अँड्रॉइड फोनवर अनेकांनी पॉडकास्टची ओळख याच ॲपने करून घेतली होती. एप्रिल २०२४ मध्ये ते अमेरिकेत थांबलं आणि जूनमध्ये इतर देशांत. लोकांना यूट्यूब म्युझिककडे जायला सांगण्यात आलं.

मोठी कंपनी म्हणजे कायमची, असा अनेकांचा समज असतो. पण मोठ्या कंपनीसाठी पॉडकास्टचं ॲप हे शंभर कामांतलं एक काम. हिशेब जमला नाही की ते बंद. आर्मेंट यांच्यासाठी ते मुख्य काम, म्हणून ते टिकून आहेत.

अर्थात एकट्या माणसाचाही भरवसा किती धरायचा? तो आजारी पडू शकतो, कंटाळू शकतो, दुसरं काम धरू शकतो. त्याच्या जागी उभा राहायला दुसरा कुणी नसतो. तेव्हा खरी सुरक्षितता ना मोठ्या कंपनीत, ना एकट्या कारागिरात. ती आहे फीडच्या उघड्या यादीत. गुगल पॉडकास्ट्स बंद झालं तरी एकही कार्यक्रम बंद पडला नाही. फक्त ऐकायचं दार बदललं.

आपण कोणते कार्यक्रम लावलेत, त्यांची एक छोटी फाईल बनवता येते. तिला 'ओपीएमएल' म्हणतात. चांगल्या ॲपमध्ये ती बाहेर काढायची आणि आत घ्यायची सोय असते. सातबारा जसा आपल्या हाताशी असावा, तशी ही फाईलही. एक ॲप बंद पडलं तर दुसऱ्यात ती टाकली की सगळे कार्यक्रम दोन मिनिटांत परत जागेवर.

अँड्रॉइडवाल्यांनी काय करावं?

अँड्रॉइडसाठी अँटेनापॉड हे एक चांगलं ॲप आहे. ते २०१२ पासून आहे. फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळतात. म्हणजे एकाने काम सोडलं तरी दुसरा तो कोड घेऊन पुढे नेऊ शकतो. प्ले स्टोअरवर ते मिळतं.

घेतल्यावर इतकं करावं :

१. मोजकेच कार्यक्रम लावा. नावाने शोधा, आवडला तर सदस्य व्हा. सदस्य होणं म्हणजे पैसे देणं नव्हे, फक्त यादीत नाव घालणं.

२. मोबाईल डेटावर लगाम घाला. कोणती कामं मोबाईल डेटावर चालतील आणि कोणती फक्त वायफायवर, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. नवीन भाग आला का हे बघणं स्वस्त आहे, ते मोबाईल डेटावर चालू द्या. फाईल उतरवणं वायफायवर ठेवा. वायफाय नसेल तर चांगली रेंज असलेल्या जागी उभं राहून हाताने उतरवा.

३. आपोआप डाउनलोड सगळ्यांना लावू नका. रोज नक्की ऐकता अशा एक-दोन कार्यक्रमांनाच लावा. नाहीतर न ऐकलेले भाग फोन भरून टाकतात.

४. ऐकून झालं की आपोआप पुसू द्या. ही सोय चालू केली की ३२ जीबीचा फोनही पुरतो. मेमरी कार्ड असेल तर फाईल तिकडे ठेवता येतात.

५. निघण्याआधी बघा. घरून निघताना विमान मोड लावून कार्यक्रम सुरू करून बघा. वाजला तर फाईल खरोखर फोनमध्ये आहे. नाही वाजला तर अजून उतरलेली नाही.

६. यादी जपा. महिन्यातून एकदा ओपीएमएल फाईल काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप किंवा मेलवर पाठवून ठेवा.

एक अडचण मात्र राहते. मराठीतले काही कार्यक्रम फक्त यूट्यूबवर येतात. त्यांची आवाजाची फीडच नसते, त्यामुळे ते अशा ॲपमध्ये सापडत नाहीत. आपल्याकडच्या तरुणांनी असा कार्यक्रम सुरू केला असेल, तर व्हिडिओसोबत आवाजाची फीडही द्यावी. ज्याच्याकडे व्हिडिओपुरता डेटा नाही, रेंज नाही, जो गुरांमागे किंवा रानात काम करता करता ऐकतो, त्याच्यापर्यंत पोहोचायचा तोच रस्ता आहे.

लहान सुधारणेची किंमत

ओव्हरकास्टच्या दहा वर्षांत डोळे दिपवणारं काही नाही. फीड तपासायची रीत बदलली, शांत जागा आखूड केल्या, आवाज सारखा केला, पैशाचं गणित तीनदा बदललं, शेवटी पाया उकरून नवा घातला. प्रत्येक सुधारणा लहान. एकदा दिलेली सोय चुकीची ठरली तेव्हा ती काढूनही घेतली, लोकांचे बोल ऐकून घेतले आणि कारण सांगितलं.

त्याचा निष्कर्ष मात्र आपल्या घाटातल्या एसटीतही खरा ठरतो. रेंजच्या भरवशावर बसायचं नाही, रेंज असते तेव्हा उतरवून ठेवायचं. मग पुढचा टॉवर कुठे का असेना, बोलणारा बोलत राहतो आणि घाट कधी संपला ते कळत नाही.